दुपारी बारानंतरचा झेंडा



संयोजकांनी मला विषय दिला तो 'सैनिकांचं स्मरण' एवढाच. या विषयावर बोलणं फार सोपं आहे आणि त्याचीच मला धास्ती वाटते. आवाज थोडा खाली आणायचा, हिमशिखरांचं वर्णन करायचं, मध्येच थांबायचं. टाळी येतेच. वक्ता समाधानानं घरी जातो, श्रोतेही जातात, आणि ज्याच्याबद्दल बोलणं झालं त्याचं नाव दोघांनाही आठवत नाही. तेव्हा तो रस्ता आज सोडतो. मला एका अडचणीच्या प्रश्नाबद्दल बोलायचं आहे. रणात पडलेल्या माणसांच्या नावानं सरकार एक सुट्टी देतं. त्या सुट्टीचं करायचं काय? त्या दिवशी सहलीला जावं का? नाचगाणं व्हावं का? दुकानदारानं मालावर सूट जाहीर करावी का? आणि शेजारच्या घरात त्या माणसाची आई बसलेली असताना आपल्या घरातल्या गाण्याचा आवाज किती असावा?

हा प्रश्न आपल्याकडेही आहे, तिथं मी येणारच आहे. पण त्यावर सगळ्यात जास्त काळ आणि सगळ्यात उघडपणे वाद झाला तो अमेरिकेत, म्हणून आधी तिकडे जाऊ. मे महिन्याचा शेवटचा सोमवार हा तिथला मेमोरियल डे. तुमच्यापैकी ज्यांची मुलं-सुना तिकडे आहेत त्यांना हा दिवस ठाऊक आहे, पण बहुधा 'लाँग वीकेंड' म्हणून. शनिवार, रविवार, सोमवार अशी सलग सुट्टी, कुठल्यातरी तळ्याकाठी मराठी मंडळींची चार-पाच कुटुंबं, शेगडीवर कणसं, मुलांचा दंगा. उन्हाळा त्या दिवशी सुरू झाला असं तिथं धरतात. पोहण्याचे तलाव उघडतात, गाद्यांपासून गाड्यांपर्यंत सगळ्यावर सवलत लागते. आणि दरवर्षी वर्तमानपत्रांत कुणीतरी माजी सैनिक संतापून लिहितो, की बाबांनो, हा दिवस यासाठी नव्हता.

मला विचाराल तर त्याचं म्हणणं अर्धंच खरं आहे. कारण हा दिवस सुरू झाला तेव्हा सहल त्यात होतीच.

चार्ल्सटन हे दक्षिण कॅरोलायनामधलं बंदर. गुलामांच्या व्यापाराची मोठी पेठ. उत्तर आणि दक्षिण यांच्यातल्या अमेरिकन यादवी युद्धाची पहिली तोफ याच बंदरात, फोर्ट सम्टरवर डागली गेली, एप्रिल १८६१ मध्ये. शहरातल्या बड्या मळेवाल्यांनी घोड्यांच्या शर्यतींसाठी तिथं एक मैदान राखलं होतं. युद्धाच्या शेवटच्या वर्षात दक्षिणेच्या फौजेनं त्या मैदानात उत्तरेच्या युद्धकैद्यांना उघड्यावर डांबलं. निदान २५७ कैदी रोगराईनं आणि हालानं मेले. प्रेक्षकांच्या सज्जामागे एका सामाईक खड्ड्यात त्यांना घाईनं पुरलं. फेब्रुवारी १८६५ मध्ये शहर पडलं आणि गोरे रहिवासी बहुतेक निघून गेले. मागे राहिले ते काळे लोक, कालपरवापर्यंतचे गुलाम. त्यांच्यातल्या काही कामकऱ्यांनी आपण होऊन तो खड्डा उकरला. प्रत्येक मृताला वेगळी कबर दिली, ओळीनं. भोवती उंच कुंपण घातलं, त्याला चुना दिला, आणि प्रवेशाच्या कमानीवर 'रेसकोर्सचे हुतात्मे' अशा अर्थाची अक्षरं रंगवली.

मग १ मे १८६५ ला मिरवणूक निघाली. सुमारे दहा हजार माणसं, बहुतेक सगळी नुकतीच मोकळी झालेली. आघाडीला तीन हजार शाळकरी मुलं, हातात गुलाब, तोंडात गाणं. ज्या पोरांना अक्षर शिकवणं काही महिन्यांपूर्वी गुन्हा होता, ती पोरं शाळेच्या रांगेत चालली होती. मागून बायका फुलांच्या टोपल्या घेऊन, मग पुरुष, मग पलटणी. फुलांखाली कबरींची माती दिसेनाशी झाली. पाद्र्यांनी बायबलमधले उतारे वाचले. आणि हे सगळं झाल्यावर तीच माणसं त्याच मैदानात पसरली, शिदोऱ्या सोडल्या, भाषणं ऐकली, सैनिकांची कवायत पाहिली. त्यात काळ्या सैनिकांच्या तुकड्याही होत्या. जिथं मालक लोक घोडे पळवून पैज लावायचे त्या गवतावर बसून कालच्या गुलामांनी जेवण केलं. त्या जेवणाला सुतकी म्हणायचं की सणाचं? मला ते ठरवता येत नाही आणि ठरवावंसंही वाटत नाही.

पुढं हा प्रसंग शहराच्या स्मरणातून पुसला गेला. डेव्हिड ब्लाइट या इतिहासकाराला हार्वर्डच्या कागदपत्रांत त्याचा माग लागला तो १९९० च्या दशकात. दरम्यान १९६६ मध्ये सरकारनं न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटर्लू या गावाला मेमोरियल डेचं जन्मस्थान म्हणून मान देऊन टाकला होता. असे मान देताना काळ्या लोकांच्या गावांची आठवण सहसा होत नाही. असो.

सरकारी इतिहास सुरू होतो १८६८ पासून. उत्तरेच्या माजी सैनिकांची एक बलाढ्य संघटना होती, तिचे प्रमुख जनरल जॉन लोगन. त्यांनी ५ मे १८६८ ला फर्मान काढलं, की ३० मे रोजी देशभर कबरींवर फुलं वाहावीत. त्या दिवशी आर्लिंग्टनला पाच हजार माणसं जमली आणि वीस हजार कबरींवर फुलं पडली. आर्लिंग्टनची ती टेकडी म्हणजे दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली याच्या बायकोची वडिलार्जित मालमत्ता. त्याच्या अंगणात उत्तरेनं आपले मृत पुरले, तेही मुद्दाम. मुख्य वक्ते होते जेम्स गारफिल्ड, पुढं जे राष्ट्राध्यक्ष झाले. अशा ठिकाणी शब्द उच्चारणंच अनुचित वाटतं, मौनच शोभतं, अशी त्यांनी सुरुवात केली आणि मग चांगलं ऐसपैस भाषण केलं. आम्हा वक्त्यांची जात तेव्हापासून बदललेली नाही.

पण त्याच टेकडीवर तीन वर्षांनी, १८७१ मध्ये, फ्रेडरिक डग्लस बोलले, ते मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे. डग्लस जन्मानं गुलाम, पळून जाऊन मोकळे झालेले, त्या काळातले सगळ्यात धारदार वक्ते. तोवर देशात समेटाचं वारं सुरू झालं होतं. दोन्ही बाजूंचे शूरच होते, सगळ्यांवर सारखी फुलं वाहा, आता कारणं कशाला उकरता, असा सूर होता. डग्लस यांनी अनाम सैनिकांच्या स्मारकापुढं उभं राहून सांगितलं, की शौर्याला मी नावं ठेवत नाही. पण देश वाचवायला जे लढले आणि गुलामगिरी टिकवायला जे लढले, त्यांच्यातला फरक मी विसरणार नाही. फुलांच्या ढिगाखाली कारणही पुरलं जाऊ शकतं, हे त्यांना दिसत होतं. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत नेमकं तेच झालं. दोन्हीकडचे म्हातारे सैनिक एकमेकांचे हात हातात घेऊन फोटो काढू लागले आणि काळ्यांचा मताधिकार दक्षिणेत हिसकावला गेला. आपण जल्लोष विरुद्ध शोक असा वाद घालत बसतो तेव्हा हे सुटतं, की नुसता गोड शोकसुद्धा विस्मरणाचाच एक प्रकार असू शकतो.

आता करमणुकीकडे. १९११ च्या ३० मे रोजी इंडियानापोलिसला पाचशे मैलांची मोटारींची शर्यत सुरू झाली. सुट्टी होती, गर्दी मिळणार होती, साधा हिशेब. माजी सैनिकांना ते झोंबलं. १९२३ मध्ये इंडियाना राज्याच्या विधिमंडळानं या दिवशी पैसे घेऊन खेळ भरवायला बंदी करणारं विधेयक मंजूरही केलं. राज्यपालांनी नकाराधिकार वापरला आणि शर्यत वाचली. आज ती त्याच सुट्टीच्या रविवारी होते. इंजिनं सुरू होण्याआधी लाखोंच्या त्या मैदानात बिगुलावर 'टॅप्स' वाजतं, म्हणजे फौजेत दफनाच्या वेळी वाजवतात ती धून. मैदान गप्प होतं आणि मग मोटारी गरजतात. शंभर वर्षांपूर्वीच्या भांडणातून निघालेली ही तडजोड मला वाईट वाटत नाही.

वाईट वाटतो तो १९६८ चा कायदा. वाहतूक, पर्यटन, दुकानदारी यांना सलग सुट्ट्या हव्या होत्या, म्हणून काही राष्ट्रीय सुट्ट्या सोमवारी सरकवल्या गेल्या. १९७१ पासून ३० मे ही तारीख गेली आणि मेचा शेवटचा सोमवार आला. तारीख हलली की काय होतं ते आपल्याला समजावून सांगायला नको. ज्याच्या घरी तिथी पाळतात त्याला विचारा, की वडिलांचं श्राद्ध सोयीसाठी दर वर्षी रविवारी करू या का. श्राद्धातही जेवण असतं, आणि चांगलं असतं; गेलेल्याच्या आवडीचं केलेलं असतं. वाडीचं पान बाहेर ठेवून होईपर्यंत सगळे थांबतात, मग पंगत बसते आणि पंगतीत त्याच्याच गोष्टी सांगत लोक हसतात. म्हणजे क्रम आणि तिथी या दोन गोष्टी जागेवर असल्या की हसण्याला कुणाची हरकत नसते.

ती तारीख परत आणावी म्हणून सिनेटमध्ये एक माणूस झगडत राहिला, हवाईचे डॅनियल इनोये. जपानी वंशाच्या आईबापांचा मुलगा. पर्ल हार्बरनंतर अमेरिकेनं ज्यांना संशयानं छावण्यांत डांबलं त्या समाजातल्या पोरांची एक पलटण इटलीत लढली, तिच्यातला हा अधिकारी. एप्रिल १९४५ मध्ये त्यांचा उजवा हात तिथंच गेला. १९८९ पासून २०१२ मध्ये मरण येईपर्यंत ते पुन्हा पुन्हा हे विधेयक मांडत राहिले. एकदाही ते मंजूर झालं नाही. सलग सुट्टी एकदा दिली की ती परत घेणारा पुढारी कुठल्याच देशात सापडत नाही.

इटलीचं नाव निघालं म्हणून थोडा आडरस्ता घेतो. त्याच मोहिमेत, १० जुलै १९४४ रोजी, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात आपला एक बावीस वर्षांचा मुलगा पडला. नाईक यशवंत घाडगे, तिसरी पलटण, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री. माणगाव तालुक्यातले. त्यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला, तुकडीचे प्रमुख घाडगे सोडून सगळे ठार किंवा जखमी झाले. घाडगे सरळ त्या मशीनगनवर धावून गेले. आधी हातबॉम्ब टाकून मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही गप्प केले, एकाला गोळीनं टिपलं, गोळ्या संपल्या तेव्हा नवं मॅगझिन चढवायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीच्या बाजूनं धरून उरलेल्या दोघांना दस्त्यानं हाणलं. मग दुरून आलेल्या गोळ्यांनी ते गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे, मुंबई-गोवा रस्त्यानं तुम्ही कितीतरी वेळा त्या गावातून गेला असाल. १० जुलै ही तारीख या सभागृहात किती जणांना माहीत होती? हात वर करायला सांगत नाही.

परत अमेरिकेकडे. १९९६ मध्ये वॉशिंग्टनला सहलीला आलेल्या शाळकरी मुलांना कुणीतरी विचारलं, मेमोरियल डे म्हणजे काय रे? मुलं म्हणाली, पोहण्याचे तलाव उघडतात तो दिवस. हे उत्तर फार गाजलं. त्यातून चळवळ झाली आणि डिसेंबर २००० मध्ये कायदा झाला, की या दिवशी स्थानिक वेळेनुसार दुपारी तीन वाजता जो जिथं असेल त्यानं एक मिनिट थांबावं. तीनच का? तर त्या वेळी लोक सुट्टीच्या ऐन रंगात असतात म्हणून. मला ही युक्ती पटते. सकाळी आठला, गणवेशातल्या लोकांपुढं पाळलेलं मौन सोपं असतं. हातात कणीस असताना, पोरं पाण्यात असताना, गाणं मध्येच बंद करून पाळलेल्या त्या मिनिटाला किंमत पडते. कायदा कुणावर सक्ती करत नाही आणि पुष्कळ लोक तो पाळतही नाहीत, हेही खरं. पण चळवळ करणाऱ्यांनी सहल बंद करा असं म्हटलं नाही. सहलीतलं एक मिनिट मागितलं.

त्याहून मला जुनी एक रीत आवडते, झेंड्याची. मेमोरियल डेला अमेरिकेचा ध्वज सूर्योदयाला झरकन वरपर्यंत चढवतात आणि मग सावकाश अर्ध्यावर आणतात. दुपारी बारापर्यंत तो अर्ध्यावर राहतो. बाराला पुन्हा वर जातो आणि सूर्यास्तापर्यंत पूर्ण फडकतो. एरवी अर्ध्यावरचा झेंडा दिवसभर अर्ध्यावर असतो, या एका दिवशी मात्र त्याला दोन पाळ्या दिल्या आहेत. सकाळ गेलेल्यांची आणि दुपार उरलेल्यांची. मिसळ नाही, घासाघीस नाही. आज मला जे सांगायचं आहे ते जवळजवळ सगळं या नियमात आहे.

आर्लिंग्टनला सुट्टीच्या आधी काय करतात तेही पाहा. तिसऱ्या पायदळ रेजिमेंटचे जवान अडीच लाखांहून अधिक थडग्यांपुढं एकेक छोटा झेंडा रोवतात. जवान शिळेपुढं मधोमध उभा राहतो, बुटाचं टोक शिळेला टेकवतो आणि टाचेशी काठी खुपसतो. म्हणजे प्रत्येक झेंडा शिळेपासून बरोबर एक बूट अंतरावर येतो. काही तासांत टेकडी भरते. हे १९४८ पासून चालू आहे. याच दफनभूमीत साठ क्रमांकाचा विभाग आहे, इराक आणि अफगाणिस्तानात गेलेल्यांचा. तिथं त्या दिवशी आईबाप घडीच्या खुर्च्या घेऊन येतात, दिवसभर बसतात. मुलाच्या आवडीची बिअर उघडतात, थोडी त्याच्या गवतावर ओततात. एकमेकांच्या मुलांच्या खोड्या सांगतात आणि मोठ्यानं हसतात. ज्यांचं गेलं आहे तेच सगळ्यात मोकळेपणानं हसू शकतात, कारण तिथं येऊन बसण्याचा क्रम त्यांनी कधी चुकवलेला नसतो.

नेहमी एक युक्तिवाद ऐकू येतो. त्यांनी आपल्या सुखासाठीच प्राण दिले ना, मग आपण सुखात राहणं हीच त्यांना श्रद्धांजली. ऐकायला छान आहे. पण हे वाक्य कोण म्हणतो ते बघा. साठ क्रमांकाच्या विभागातली आई म्हणाली तर मान खाली घालून ऐकावं. ज्याच्या घरातलं सात पिढ्यांत कुणी फौजेत गेलेलं नाही तो सेलमध्ये टीव्ही घेताना म्हणत असेल, तर ते फुकटचं आहे. अमेरिकेत १९७३ मध्ये सक्तीची भरती संपली. तेव्हापासून युद्ध हे थोड्या घरांचं काम झालं आणि सुट्टी सगळ्यांची राहिली. खरी अडचण तिथं आहे.

इतर देशांनी आपापली उत्तरं काढली आहेत, ती धावती सांगतो. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा २५ एप्रिल, अँझॅक डे. १९१५ मध्ये त्या दिवशी त्यांचे सैनिक तुर्कस्तानात गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरले. आपले हिंदी तोफखान्याचे आणि खेचरतांड्याचे जवानही तिथं होते, हे त्यांच्या पुस्तकांत असतं, आपल्या नसतं. पहाटे अंधारात प्रार्थना होते, मग रम घातलेली कॉफी, मग संचलन. न्यूझीलंडमध्ये बहुतेक दुकानं दुपारी एकपर्यंत कायद्यानं बंद. त्यानंतर दारूचे गुत्ते उघडतात, आणि नाणी उडवण्याचा एक जुगार, जो एरवी सहसा चालत नाही, तो सैनिकांचा आवडता म्हणून सिडनीत त्या दिवशी खुशाल चालतो. १९६० च्या सुमारास अ‍ॅलन सीमोर या नाटककारानं या दुपारच्या पिण्यावर नाटक लिहिलं तेव्हा अ‍ॅडलेडच्या महोत्सवानं ते घ्यायचं नाकारलं होतं. पण पुढं ते शाळांत शिकवलं गेलं.

इस्रायलची तऱ्हा सगळ्यात कठीण. तिथं मृत सैनिकांचा स्मरणदिन संपतो त्याच संध्याकाळी स्वातंत्र्यदिन सुरू होतो. सकाळी अकराला दोन मिनिटं भोंगा वाजतो, महामार्गावर गाड्या थांबतात, माणसं खाली उतरून उभी राहतात. कोकणातून गेलेले बेने इस्रायली, घरी मराठी बोलणारे, तेही अश्दोदला, दिमोनाला असेच उभे राहतात. आणि त्याच रात्री आतषबाजी. ज्यांचं माणूस गेलं आहे अशा काही घरांना ही उडी सोसत नाही. एका रात्रीत अश्रू पुसून नाचा म्हणजे काय, असं ते विचारतात. शिवाय कुणाच्या मृतांचं स्मरण, हाही प्रश्न तिथं आहेच. २००६ पासून काही इस्रायली आणि पॅलेस्टिनी कुटुंबं मिळून एक वेगळा स्मरणविधी करतात आणि त्यासाठी शिव्या खातात. डग्लस यांनी उपस्थित केलेला प्रश्न तिथं आजही मिटलेला नाही.

आता आपलं घर.

आपल्याकडे निव्वळ मृत सैनिकांच्या नावाची सार्वजनिक सुट्टी नाही. २६ जुलैला कारगिल विजय दिवस असतो, पण कचेऱ्या चालू असतात, पाऊस असतो, आणि मुंबईकराला २६ जुलै म्हटलं की आधी २००५ चा पूर आठवतो. कारगिलमध्ये आपले ५२७ जवान गेले. द्रासला, तोलोलिंगच्या पायथ्याशी, भिंतीवर त्यांची नावं कोरलेली आहेत. आपलं स्मरण चालतं ते २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या पोटात. तिथं मात्र क्रम आपण चांगला राखला आहे, हे मान्य केलं पाहिजे. २६ जानेवारीला पंतप्रधान आधी राष्ट्रीय युद्ध स्मारकावर जातात, पुष्पचक्र वाहतात, दोन मिनिटं शांतता पाळली जाते, मगच संचलन. मरणोत्तर अशोकचक्र असेल त्या वर्षी संचलनाआधी एखादी पांढऱ्या साडीतली बाई किंवा वाकलेली आई राष्ट्रपतींसमोर उभी राहते आणि ध्वनिक्षेपकावर तिच्या माणसाच्या शेवटच्या तासाची हकिगत वाचली जाते. त्यानंतर चित्ररथ येतात, शाळकरी मुलं नाचतात. महाराष्ट्र दिनालाही आधी हुतात्मा चौक, मग शिवाजी पार्क. दिल्लीच्या युद्ध स्मारकावर तर दररोज संध्याकाळी एखाद्या हुतात्म्याच्या घरच्या माणसाला बोलावून त्याच्या हातून पुष्पचक्र वाहवतात. हे फार चांगलं आहे आणि याचा गाजावाजा फार कमी आहे.

आणि जल्लोषासह स्मरण ही तर आपली जुनीच चाल आहे. नाशिकला धुळवडीच्या दिवशी वीर निघतात. घरातल्या कुणा पूर्वजाला लढाईत मरण आलं, त्याचा टाक देव्हाऱ्यात असतो. तो त्या दिवशी खोबऱ्याच्या वाटीत ठेवून, तांबड्या कापडात गुंडाळून हातात घेतात. घरातल्या लहान पोराला फेटा, तलवार देऊन सजवतात. हलगीच्या तालावर नाचवत रामकुंडावर नेतात, टाकाला गोदावरीत स्नान घालतात, परत आणून देव्हाऱ्यात बसवतात. शहरात दाजीबा वीराची मिरवणूक निघते, त्याला बाशिंगे वीर म्हणतात. अंगाला हळद लागलेला नवरदेव लढता लढता गेला, अशी त्याची कथा; म्हणून तो हळद लावून, बाशिंग बांधून नाचत निघतो. रंग उधळलेल्या त्याच रस्त्यांवरून. कुणाला त्यात औचित्यभंग वाटत नाही. गावोगावच्या वेशीवरचे वीरगळ पाहा. खालच्या कप्प्यात लढाई आणि मरण, मधल्यात अप्सरा त्याला उचलून नेताहेत, वरच्यात तो शिवलिंगापुढं हात जोडून बसलेला. एकाच दगडावर सगळं, आणि तेही क्रमानं. फक्त नाव नसतं बहुधा. गावकऱ्यांना विचारलं तर शेंदूर लावतो एवढंच सांगतात.

नाव नसण्याचा हा रोग आपल्याला अजून आहे. सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे, त्याच्या नावापुढं 'मिलिटरी' लावतात. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण गेले. ते नेमके कोण, हे साताऱ्याबाहेर सोडा, साताऱ्यात किती जण सांगू शकतील?

गावाकडे हुतात्म्याच्या नावानं काय होतं ते तुम्ही जाणता. स्मृतिचषक. टेनिस चेंडूचं क्रिकेट, कबड्डी, कुठं कुस्त्यांचं मैदान. मला त्यात वावगं काही दिसत नाही. गेलेला पोरगा तेवीस-चोवीस वर्षांचा होता, तो असता तर याच मैदानावर असता. पण बक्षीस समारंभ नीट पाहा. फ्लेक्सवर पुढाऱ्यांचे चेहरे मोठे, हुतात्म्याचा फोटो कोपऱ्यात, तोही शाळेच्या दाखल्यावरून वाढवलेला. त्याच्या आईला चारला बोलावलेलं असतं, पाहुणे येतात सातला. शाल-श्रीफळ देताना निवेदक तिचं नाव चिठ्ठीवरून वाचतो. तीन तास ती खुर्चीवर बसलेली असते आणि समोर डीजे चालू असतो. तिची तक्रार त्या डीजेबद्दल नसते. तिच्या मुलाबद्दल मैदानात कुणीच एक वाक्य बोललेलं नसतं, ते तिला लागतं.

आणि वीरपत्नी. १५ ऑगस्टला तिला मंचावर पहिल्या रांगेत बसवतात. जानेवारीत त्याच गल्लीत हळदीकुंकू असतं, तेव्हा तिला बोलावणं जात नाही. कुंकू पुसलेली म्हणून. म्हणजे आपण तिला शोकाच्या तासात मान देतो आणि आनंदाच्या तासात दाराबाहेर ठेवतो. अमेरिकेत आनंद शोकाला गिळतो म्हणून ओरड आहे. आपल्याकडे शोक एकाच बाईच्या अंगावर कायमचा टाकून बाकीचे आनंदाला मोकळे होतात. हे मला जास्त लाजिरवाणं वाटतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवांच्या बाबतीतल्या कुंकू पुसण्यासारख्या चाली बंद करण्याचा ठराव केला. पुढं राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ठराव करणं सोपं आहे, पाळणं अवघड आहे, हे सगळं मान्य. पण ठराव तरी किती गावांनी केला, हे आपापल्या गावात विचारून पाहा.

तेव्हा श्रोतेहो, सहल करू नका, मॅच भरवू नका, असं मी म्हणणार नाही. २६ जुलै दर वर्षी येतो. तुमच्या गावातले, तालुक्यातले कोण कोण कुठल्या लढाईत गेले, याची जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. शाळेतल्या मुलांना त्यांच्या घरी पाठवा, आईकडून, भावाकडून चार गोष्टी लिहून आणू द्या. त्या दिवशी पहिला चेंडू पडण्याआधी मैदानात ती नावं मोठ्यानं वाचा, कोण कुठं आणि कशासाठी गेला तेही सांगा, एक मिनिट डीजे बंद ठेवा. हुतात्म्याच्या आईला सातलाच बोलवा, पाहुण्यांना वाट बघू द्या. मग खुशाल खेळा. आणि संक्रांत आली की हळदीकुंकवाचं पहिलं बोलावणं वीरपत्नीच्या घरी पाठवा.